वायंगणातल्या नोंदी : पाइपातली तांबडी भाजी, वाफ्यातली तांबडी भाजी

हंगाम : वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचा. जागा : गोव्यातला डिचोली तालुका, घरामागची परडी. उत्तरेला कौलारू शेड, पूर्वेला पाच माड. एकाच वेळी तीन ठिकाणी लागवड : जमिनीतले दोन वाफे, चार इंची पीव्हीसीचे चार पाइप आणि मासळीच्या थर्माकोल पेट्या. पाइपांत आणि पेट्यांत माती नाही, फक्त खत विरघळवलेले पाणी, म्हणजे हायड्रोपोनिक. पिके दोनच, तांबडी भाजी (लाल माठ) आणि लेट्यूस.

२ ऑक्टोबर

आधी पाणी आणि माती. विहिरीच्या पाण्याचा पीएच ५.९, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचे माप) सेंटिमीटरला ०.०८ मिलीसीमेन्स, तापमान २७ अंश. जांभ्यातून झिरपलेले पाणी असे मऊच असते. देशावर बोअरच्या पाण्यात क्षार आधीच भरलेले, त्यामुळे तिथले लोक आरओ लावतात. इथे त्याची गरज नाही. पण मऊ पाण्यात पीएच सावरून धरणारे बायकार्बोनेट जवळजवळ नसते, म्हणून थोडे आम्ल पडले तरी काटा झपकन खाली येतो. खाऱ्या पट्ट्यातली किंवा खाजनालगतची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांजवळची) विहीर असेल तर आधी ईसी मोजावी. ०.५ च्या वर गेली तर बहुतेक मीठच, आणि ते द्रावणातून काढता येत नाही.

मीटर घेताना एक घोळ होतो. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर ईसीच मोजतो आणि तिला ५०० ने किंवा ७०० ने गुणून पीपीएम दाखवतो. म्हणजे १.४ ईसीला एक मीटर ७०० सांगेल, दुसरा ९८०. नोंदवहीत फक्त ईसी लिहायची. पीएच मीटर ४.०० आणि ६.८६ च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या तयार द्रावणात) जुळवून घेतला. त्याची काच पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायची, साध्या पाण्यात नाही. साध्या पाण्यात ठेवलेले मीटर काही महिन्यांत वाटेल ते आकडे दाखवू लागतात.

मातीचा पीएच, एक भाग मातीला अडीच भाग पाणी या मापाने, ५.२. वाफे १.२ बाय ३ मीटरचे दोन, २० सेंटिमीटर उंच. चौरस मीटरला २०० ग्रॅम शिंपल्यांचा चुना मिसळून पाणी दिले. शेणखत आज नाही. चुना आणि शेण एका दिवशी घातले तर अमोनिया हवेत उडून जातो. तीन आठवडे थांबायचे.

६ ऑक्टोबर

सांगाडा उभा केला. शेडच्या पुढे ५० टक्के शेडनेट, वर पारदर्शक पत्रा. माडांच्या टप्प्यापासून चार मीटर लांब, नारळ पाइपावर पडला तर चर्चाच संपली.

पाइप ३ मीटर लांबीचे, दर २० सेंटिमीटरला ५० मिलिमीटरचे भोक, एका पाइपाला १४ भोके. होल-सॉ (गोल भोक पाडणारी करवत) उलटा फिरवून सुरुवात केली की पाइप चिरत नाही. पांढऱ्या पीव्हीसीतून उजेड आत जातो आणि आत शेवाळ धरते, म्हणून बाहेरून एक हात काळा आणि त्यावर एक हात पांढरा रंग. नुसता काळा दिला तर ऑक्टोबरच्या उन्हात पाइप तापतो.

चौघांतले दोन पाइप उताराचे, दोन सपाट. मुद्दाम. उताराच्या पाइपांना (१ आणि २) ३ मीटरला साडेसात सेंटिमीटर उतार, म्हणजे ४० ला १. ही नेहमीची एनएफटी : मुळांखालून पाण्याचा पातळ थर वाहतो, वरची मुळे हवेत. सपाट पाइपांना (३ आणि ४) बाहेर पडण्याचे तोंड तळापासून अडीच सेंटिमीटर वर, त्यामुळे पंप बंद पडला तरी पाणी आत राहते. हिशोब केला तर एका पाइपात सुमारे पावणेपाच लिटर. उताराच्याच पाइपाला असा बांध घालून भागेल का, असा विचार आधी होता. नाही भागत. अडीच सेंटिमीटरचा बांध ४० ला १ उतारावर शेवटच्या एका मीटरपुरतेच पाणी अडवतो, वरची नऊ-दहा झाडे कोरडीच.

बाकीचे सामान : १०० लिटरचा झाकणाचा निळा पिंप (काळ्या प्लास्टिकने गुंडाळून), १८ वॉटचा पाण्यात बुडणारा पंप, १६ मिलिमीटरची नळी, प्रत्येक पाइपाला वेगळा कॉक. प्रवाह मिनिटाला दीड लिटर. एक लिटरचा मग ४० सेकंदांत भरला की कॉक बरोबर. चार पाइपांना ताशी ३६० लिटर लागतात, तरी पंप १००० लिटरचा घेतला, कारण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो.

९ ऑक्टोबर

लेट्यूसचे बी ट्रेमध्ये, धुतलेल्या कोकोपीटवर. घरच्या नारळाच्या सोडणांचा भुसा वापरायचा मोह इथे सगळ्यांनाच होतो. त्यात मीठ आणि टॅनिन असते, चार-पाच पाण्यांत धुऊन निघालेल्या पाण्याची ईसी ०.३ च्या खाली आल्याशिवाय नको.

२८-३० अंशांच्या वर लेट्यूसचे बी झोपून राहते. ओल्या कागदात दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग पेरले, आणि वर माती ओढली नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. तांबड्या भाजीला हे लाड नाहीत.

१४ ऑक्टोबर

द्रावण. दोन कॅन, प्रत्येकी १० लिटर.

अ कॅन : कॅल्शियम नायट्रेट ८०० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीटीए या रसायनाने धरून ठेवलेले, म्हणजे विरघळलेले राहते, १२ टक्के) २० ग्रॅम.

ब कॅन : १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ४०० ग्रॅम, ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) २०० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४०० ग्रॅम, बोरिक आम्ल दीड ग्रॅम, मँगनीज सल्फेट दीड ग्रॅम, झिंक सल्फेट पाव ग्रॅम, मोरचूद ०.२ ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट ०.१ ग्रॅम.

शेवटचे तीन घटक स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाहीत. दहापट प्रमाण एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातले १०० मिली घेतले.

लिटरला अ १० मिली आणि ब १० मिली घातले की पूर्ण ताकदीचे द्रावण होते, विहिरीच्या पाण्यात ईसी सुमारे १.९. त्यात नायट्रोजन १७५, स्फुरद ४५, पालाश २०५, कॅल्शियम १५०, मॅग्नेशियम ३८ पीपीएमच्या आसपास. पालेभाजीला एवढे नको, ७ मिलीवर १.४ मिळते.

अ आणि ब कधीही घट्ट स्थितीत एकत्र ओतायचे नाहीत. कॅल्शियम सल्फेटला आणि फॉस्फेटला धरतो आणि तळाशी पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे आपलेच पैसे. पिंप पाण्याने भरा, अ घालून ढवळा, मग ब. पीएच सगळ्यात शेवटी.

खताच्या दुकानात हायड्रोपोनिकसाठी काय, असे विचारले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) पुढे येते. एका थर्माकोल पेटीत तेही घालून बघायचे ठरवले, निकाल पुढे.

१६ ऑक्टोबर

तांबड्या भाजीचे बी थेट जाळीच्या कपात, कपाला पाच. तिसऱ्या दिवशी उगवले.

मासळीच्या पेट्या तयार केल्या. बाजारात रिकाम्या पेट्या सहज मिळतात, थर्माकोल असल्याने आतले पाणी तापत नाही आणि २५-३० लिटर मावते. साबणाने दोनदा, मग विहिरीच्या पाण्याने इतक्यांदा धुवायच्या की धुतलेल्या पाण्याची ईसी विहिरीएवढीच दिसेल. वास गेला म्हणजे मीठ गेले असे नाही. आत काळे प्लास्टिक, झाकणाला सहा भोके.

ही पद्धत हवाई विद्यापीठातल्या क्रॅट्कींच्या नावाने ओळखली जाते. पंप नाही, वीज नाही. कपाचा तळ एक सेंटिमीटर पाण्यात ठेवून सुरुवात करायची. झाड पाणी पिते, पातळी उतरते, मधल्या मोकळ्या जागेत हवेची मुळे फुटतात. नवा माणूस इथे हमखास चुकतो : पातळी उतरलेली बघून पेटी पुन्हा काठोकाठ भरतो. हवेची मुळे बुडतात आणि झाड दोन दिवसांत माना टाकते. भरायचीच वेळ आली तर अर्ध्या उंचीच्या वर नाही.

२५ ऑक्टोबर

पहिल्या वाफ्यात तांबडी भाजी फोकून पेरली, वाळूत मिसळून. आदल्या दिवशी चौरस मीटरला तीन किलो कुजलेले शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. मातीचा पीएच आता ५.९.

२८ ऑक्टोबर

लावण. लेट्यूस १९ दिवसांचे, पाइप १ आणि ३ मध्ये. तांबडी भाजी पाइप २ आणि ४ मध्ये. लेट्यूसची १४ रोपे दुसऱ्या वाफ्यातही. पिंपात ९० लिटर, लिटरला ५ मिली, ईसी १.०, पीएच ५.८. आठवड्याने १.४ वर न्यायचे.

१ नोव्हेंबर

पीएच ६.९. चौथ्याच दिवशी. तांबड्या भाजीची कोवळी पाने फिकट, शिरा तेवढ्या रंगीत : लोहाची उणीव. लोह द्रावणात आहे, पण साडेसहाच्या वर ईडीटीएची पकड सुटते आणि ते झाडाला मिळत नाही. पीएच चढण्याचे कारण साधे : झाड नायट्रेट उचलते आणि बदल्यात अल्कली सोडते. वाढ जोरात असली की पीएच चढणारच.

८५ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल एक भाग, पाणी नऊ भाग. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही, हातमोजे आणि चष्मा घालून. पाच-पाच मिली घालत, दर वेळी दहा मिनिटे थांबत गेलो, २० मिलीला ५.८ आला. लिंबू किंवा व्हिनेगर घालून तात्पुरते भागते, पण ते जिवाणूंचे खाद्य आहे, दोन दिवसांत पीएच परत वर आणि पाणी बुळबुळीत.

आज वाफ्याकडे कोणी बघितले नाही. तिथे मातीचे कण आणि शेणखत हेच काम आपापले करत असतात.

३ नोव्हेंबर

दुपारी तीनला पिंपातले पाणी ३०.५ अंश. सपाट पाइपातले लेट्यूस दुपारी लोळते, संध्याकाळी उठते. मुळे पाण्यात असून झाड सुकते हे बघून पहिला विचार पाणी वाढवण्याचा येतो, आणि तो चुकीचा. कप उचलून मुळे बघितली : टोके तपकिरी, चिमटीत धरून ओढली तर वरची साल निघते आणि आत दोरा राहतो, वास गटारासारखा. पिथियम, म्हणजे मुळे सडवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव.

२० अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. नेमके त्याच वेळी मुळांना तो जास्त लागतो. हायड्रोपोनिकची बहुतेक पुस्तके थंड देशांतली, त्यात १८ ते २२ अंशांचे पाणी गृहीत धरलेले असते. गोव्यात खत आणि पीएच आठवडाभरात जमतात. घोडे अडते ते या गरम पाण्यापाशी.

सपाट पाइपात १४ पैकी ५ गेली, उताराच्या पाइपात एक. उभे पाणी आणि पातळ थर यातला फरक.

केलेले उपाय : पिंप शेडच्या सावलीत जमिनीत अर्धा गाडला, भोवती चिरे रचून ओली गोणपाटे. परतीची नळी पाण्यापासून ३० सेंटिमीटर वर, म्हणजे पाणी धबधब्यासारखे पडून हवा घेते. ५ वॉटचा हवेचा पंप, पाण्यात बुडबुडे सोडणारे दोन सच्छिद्र दगड. सडलेली झाडे कपासकट बाहेर. द्रावण पूर्ण बदलले. दुसऱ्या दिवशी दुपारी २७.५.

बर्फाच्या बाटल्यांचाही हिशोब केला. एका लिटरच्या दोन गोठवलेल्या बाटल्या ९०-१०० लिटर पाणी जेमतेम दोन अंश खाली आणतात, आणि संध्याकाळपर्यंत तेही संपते. एखाद्या वाईट दिवशी ठीक, रोजचा उपाय नव्हे.

हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले नाही. ते मुळांवरची सड काही काळ रोखते, पण लोहाचे चिलेटही तोडते, आणि पाणी गरमच राहिले तर चार दिवसांनी पुन्हा तेच.

११ नोव्हेंबर

वीज जाण्याची चाचणी. आपण होऊन जाण्याची वाट बघण्याऐवजी सकाळी ११ ला पंप बंद केला. ऊन स्वच्छ, शेडनेटखाली ३२ अंश.

१२.२० : उताराच्या पाइपातल्या लेट्यूसची बाहेरची पाने मऊ. १२.४५ : माना खाली. तांबडी भाजी तग धरून. १ वाजता त्या दोन पाइपांचा प्रवाह चालू केला, सपाट दोघांचे कॉक बंदच ठेवले. संध्याकाळी ५ पर्यंत सपाट पाइपांत काही फरक नाही.

म्हणजे ३ तारखेला ज्या पाइपाने पाच झाडे मारली त्यानेच आज वाचवले. दोन्ही हवे असेल तर सपाट पाइप आणि हवेचा पंप, आणि तो हवेचा पंप छोट्या बॅटरीवर. ५ वॉट सहा तास चालवायला ३० वॉट-तास लागतात. मोठा पंप इन्व्हर्टरवर टाकण्यापेक्षा हे स्वस्त. वाफ्याला या चाचणीत घेतलेच नाही. सकाळी पाणी दिलेला वाफा दुसऱ्या सकाळपर्यंत काही मागत नाही.

१७ नोव्हेंबर

पाइपातली तांबडी भाजी काढली, पेरणीपासून ३२ दिवस. २८ कप, एकूण १.८ किलो. पाने स्वच्छ, मुळांना माती नाही, पण रंग फिका. तांबड्या भाजीचा रंग उजेडाने चढतो, ५० टक्के शेडनेटखाली ती गुलाबीकडे झुकते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेंडी उचलणारा आधी रंग बघतो. या पिकाला नेट ३० टक्क्यांच्या वर नको.

ईसीचे वाचन आता समजू लागले आहे. सकाळी १.४, संध्याकाळी १.५५ : झाडाने पाणी जास्त प्यायले, क्षार कमी. साधे पाणी घाला. उलट ईसी उतरली तर झाड भुकेले, दोन्ही कॅनमधले सारखे माप घाला. ईसी जागेवर आणि पातळी उतरती असेल तर आहे त्याच ताकदीचे द्रावण घाला. पण आकडा बरोबर दिसला म्हणून आतले प्रमाण बरोबर आहे असे नाही, झाडे पालाश आणि नायट्रेट आधी उचलतात. दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण बदल.

जुने द्रावण केळीच्या आणि माडाच्या आळ्यात. ओहोळात किंवा विहिरीजवळ नाही.

२० नोव्हेंबर

१९:१९:१९ ची पेटी बंद केली. ईसी १.४, पीएच ५.९, आकडे सगळे नीट, आणि झाडे शेजारच्या पेटीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, कोवळी पाने वाकडी. त्या खतातला अर्ध्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. जमिनीत जिवाणू त्याचे अमोनियम आणि पुढे नायट्रेट करतात, स्वच्छ पाण्यात ते जिवाणू पुरेसे नाहीत. युरिया विजेचे वहन करत नाही, म्हणून ईसी मीटरला तो दिसतही नाही. वर कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. खत वाईट नाही, ते जमिनीसाठी आहे.

दुसऱ्या पेटीत डासांच्या अळ्या. एका रिकाम्या भोकात कप नव्हता, तेवढे पुरले. आता प्रत्येक रिकाम्या भोकाला बूच आणि पिंपाच्या झाकणाला जाळी.

२६ नोव्हेंबर

वाफ्यातली तांबडी भाजी काढली. इथेही ३२ दिवस. पाण्यात पीक दुप्पट वेगाने येते असे सांगतात, या भाजीत तसे दिसले नाही. ३.६ चौरस मीटरमध्ये ५.१ किलो, म्हणजे चौरस मीटरला १.४. पाइपांची अर्धी चौकट दीड चौरस मीटर धरली तर तिथे १.२. रंग गडद. दोनदा खुरपणी लागली, पाने गुंडाळणाऱ्या अळीमुळे थोडी पाने गेली.

५ डिसेंबर

लेट्यूस काढले. इथे पारडे फिरले. पाइपातली २२ झाडे, सरासरी १२० ग्रॅम, सगळी एका मापाची. वाफ्यात १४ पैकी ८ उरली, सरासरी ८५ ग्रॅम, बाकीची शंखींनी पहिल्या दहा दिवसांत खाल्ली. उरलेल्यांच्या पानांच्या बेचक्यांत माती, जी धुताना पाने मोडतात.

पाइप १ मध्ये सहा झाडांच्या आतल्या पानांच्या कडा करपलेल्या. कॅल्शियम द्रावणात भरपूर आहे, पण ते पानापर्यंत बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने चढते. दमट, थांबलेल्या हवेत आतल्या मिटलेल्या पानांना ती ओढच नसते. कॅल्शियम वाढवून उपयोग नाही. छोटा पंखा आणि शेवटचे दहा दिवस ईसी १.१.

पाण्याचा हिशोब : पाइपांना सुरुवातीचे ९०, बदललेले ९० आणि वरचेवर घातलेले १३५, एकूण ३१५ लिटर, भाजी ४.४ किलो. वाफ्यांना रोज चौरस मीटरला ५ लिटरप्रमाणे सुमारे १४४० लिटर, भाजी ५.८ किलो. वीज दोन्ही पंप मिळून २१ युनिट, वाफ्यांना शून्य.

७ डिसेंबर

पाइप उघडून धुतले. आधी मुळांचे धागे ब्रशने, मग ब्लीचचे पातळ पाणी अर्धा तास फिरवून, मग दोनदा साध्या पाण्याने. मुळे आत राहिली तर ब्लीच त्यांच्यावरच खर्ची पडते आणि पिथियम कोपऱ्यात टिकतो.

पुढची लावण : तांबडी भाजी वाफ्यातच. पाइपात लेट्यूस आणि पालक, चारही पाइप सपाट, हवेचे दोन दगड बॅटरीवर. पाइप १ आणि २ च्या तोंडांना अडीच सेंटिमीटरचे बांध बसवायचे आहेत. मिरची-भेंडी पाइपात घालायची मागणी घरातून आहे. चार इंची पाइपात ती मुळे मावत नाहीत, महिन्याभरात पाणी तुंबून भोकांतून वर येते. त्यांना बादलीची पद्धत लागते. काणकोणची खोला मिरची तर डोंगरउतारावरच्या मातीतच राहू दे.

पावसाळ्यासाठी एक पेटी वेगळी ठेवली आहे. जूनमध्ये वाफे पाण्याखाली असताना पत्र्याखालच्या पेटीत पालेभाजी येते का, ते तेव्हा मोजायचे. त्या दिवसांत उजेड कमी असतो, म्हणून सहाऐवजी चारच भोके पाडली.